नऊच्या खालची शाळा बघूच नये का?

प्रश्न: ताई, नवऱ्याची बदली जर्सी सिटीच्या ऑफिसात झाली आहे. जुलैत आम्ही पुण्याहून निघू. मुलगी अकरा वर्षांची आहे, सेमी इंग्रजीतून पाचवी झाली. मुलगा डिसेंबरमध्ये पाच वर्षांचा होईल. न्यू जर्सीतले नातेवाईक म्हणतात, ग्रेटस्कूल्सवर दहापैकी नऊच्या खालची शाळा बघूच नका, गाव लांब पडलं तरी चालेल. तशी गावं बघितली तर यांचा जाऊन-येऊन तीन तासांचा प्रवास होतो आणि भाडं आवाक्याबाहेर जातं. मुलगी अबोल आहे. इंग्रजी वाचते, पण बोलायला बिचकते. आपले लोक असलेलं गाव घ्यावं की नको? निवड चुकली तर मुलांचं नुकसान होईल या विचाराने मला झोप लागत नाही.
– एक आई, पुणे

उत्तर: तो नऊचा आकडा आधी बाजूला ठेवूया. तुमची झोप त्यानेच उडवली आहे आणि तेवढी त्याची योग्यता नाही.

ग्रेटस्कूल्स ही संस्था शाळांना 1 ते 10 गुण देते. झिलोसारख्या घरं शोधायच्या साइटवर प्रत्येक घराच्या माहितीत हेच गुण दिसतात, म्हणून ते सरकारी असावेत असा समज होतो. ते सरकारी नाहीत. त्यांचा मोठा भाग राज्याच्या वार्षिक परीक्षांवर आधारलेला असतो. अशा परीक्षेची सरासरी बघून तिथे कोणाची मुलं येतात हे जास्त कळतं, शाळा कसं शिकवते हे कमी. ज्या गावात बहुतेक आईवडील उच्चशिक्षित आहेत आणि संध्याकाळी मुलं शिकवणीला जातात, तिथला निकाल चांगला लागणारच. स्टॅनफर्ड विद्यापीठातले शॉन रिअर्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी देशभरातल्या तिसरी ते आठवीच्या निकालांचा अभ्यास केला आहे. मुलांचे सरासरी गुण घरच्या सुबत्तेशी घट्ट जोडलेले असतात, पण मुलं दर वर्षी किती पुढे सरकतात याचा सुबत्तेशी संबंध बराच सैल असतो, असं त्यात दिसलं. म्हणजे सहा गुणांच्या शाळेत मुलं भराभर शिकत असतील आणि नऊवाल्या शाळेत आधीच पुढे असलेली मुलं तेवढीच पुढे राहत असतील, हे अगदी शक्य आहे. ग्रेटस्कूल्सनेही 2020 मध्ये या प्रगतीला जास्त वजन द्यायला सुरुवात केली. तरी लोकांच्या तोंडी एकच आकडा राहतो आणि त्या एका आकड्यावर घरांची भाडी ठरतात.

आकडे बघायचेच असतील तर न्यू जर्सीच्या शिक्षण खात्याचा ‘स्कूल परफॉर्मन्स रिपोर्ट’ बघा. राज्यातल्या प्रत्येक पब्लिक स्कूलचा, म्हणजे तिथल्या सरकारी शाळेचा, असा अहवाल खात्याच्या संकेतस्थळावर फुकट मिळतो. त्यात तीन ठिकाणी थांबा. पहिलं, ‘स्टुडंट ग्रोथ’. आधीच्या वर्षी सारखेच गुण असलेल्या मुलांच्या तुलनेत या शाळेतलं मूल किती पुढे गेलं ते तिथे दिसतं आणि 50 म्हणजे मधोमध. दुसरं, ‘क्रॉनिक ॲब्सेंटीझम’. शाळेच्या दिवसांपैकी दहा टक्के किंवा जास्त दिवस गैरहजर राहणारी मुलं किती, हे त्यातून कळतं. मुलं शाळेला यायलाच टाळत असतील तर तिथे काहीतरी बिनसलेलं असतं. तिसरं तुमच्यासाठी सगळ्यांत महत्त्वाचं आहे. इंग्रजी नव्याने शिकणाऱ्या मुलांची इंग्रजीतली प्रगती किती झाली, हेही त्या अहवालात दिलेलं असतं. तुमचे नातेवाईक हे पान उघडत नसावेत, कारण त्यांची मुलं तिथेच जन्मली. तुमच्या मुलीचं पहिलं वर्ष मात्र याच पानावर अवलंबून आहे.

आता तिच्याबद्दल सविस्तर बोलते. ती पाचवी होऊन निघते आहे, म्हणजे सप्टेंबरमध्ये सहावीत बसेल. तिथे इयत्ता बहुधा वयावरूनच ठरते. ही वेळ तिच्यासाठी चांगली आहे. न्यू जर्सीतल्या बऱ्याच गावांत प्राथमिक शाळा पाचवीपर्यंत असते आणि सहावीला चार-पाच प्राथमिक शाळांची मुलं एका मिडल स्कूलमध्ये एकत्र येतात. त्या पहिल्या आठवड्यात सगळ्यांनाच वर्ग सापडत नाहीत, लॉकर उघडत नाही, डबा खायला कोणाच्या शेजारी बसायचं ते कळत नाही. अबोल मुलीला सगळेच नवे असलेल्या वर्गात मिसळणं खूप सोपं जातं. याउलट जर्सी सिटीत बालवर्गापासून आठवीपर्यंत एकाच इमारतीत चालणाऱ्या शाळा पुष्कळ आहेत. तिथल्या सहावीतली मुलं कित्येक वर्षं एकमेकांना ओळखत असतात. अशा वर्गात नव्या मुलीला जागा मिळते, पण वेळ लागतो. दोन शाळांत मन अडलं तर मी सहावीला सुरू होणाऱ्या शाळेकडे झुकेन, मग तिचे गुण सात असले तरी.

नाव नोंदवताना ‘होम लँग्वेज सर्व्हे’ नावाचा फॉर्म येईल. घरी कोणती भाषा बोलता, असं त्यात विचारतात. अनेक आईवडील तिथे इंग्रजी लिहून टाकतात, कारण मुलाला ‘ईएसएल’मध्ये, म्हणजे इंग्रजी नव्याने शिकणाऱ्यांच्या वर्गात, टाकतील आणि ते मागे पडेल ही भीती असते. कृपा करून मराठी लिहा. मग तिची ‘विडा’ नावाची चाचणी होईल. ऐकणं, बोलणं, वाचणं आणि लिहिणं या चार अंगांचे 1 ते 6 या पट्टीवर गुण मिळतात. तुम्ही लिहिलंय त्यावरून ती वाचनात वर आणि बोलण्यात खाली येईल. मदत लागेल असं ठरलं तर ती छोट्या गटात, स्वतंत्र शिक्षिकेसोबत, तिच्यासारख्याच नव्याने आलेल्या मुलांमध्ये काही तास बसेल. तीस मुलांच्या वर्गात जे मूल वर्षभर तोंड उघडणार नाही, ते सहा मुलांच्या टेबलावर बोलतं. शाळेतली पहिली मैत्रीण बहुतेक वेळा याच टेबलावर भेटते. ही मदत नाकारायचा हक्क तुम्हाला आहे, पण पहिल्या वर्षी तो वापरू नका.

गणिताची काळजी अजिबात करू नका. सेमी इंग्रजीचा इथे मोठा फायदा होतो, कारण गणितातले इंग्रजी शब्द तिला आधीच येतात. इंच, पौंड, फॅरनहाइट थोडे दिवस त्रास देतील. उत्तरासोबत ‘हे उत्तर कसं काढलं ते लिहा’ असं वारंवार विचारतात, त्याची सवय उन्हाळ्यात मराठीतून बोलूनही लावता येईल. एका बाबतीत मात्र जागरूक राहा. इंग्रजी कच्चं आहे म्हणून तिला गणिताच्या खालच्या गटात बसवत असतील तर गणिताची वेगळी चाचणी घ्यायला सांगा. सहावीतला गट पुढे आठवीत बीजगणित मिळणार की नाही हे ठरवतो, म्हणून पहिल्याच महिन्यात विचारा. आईवडिलांनी असं विचारणं तिथे उद्धटपणाचं समजत नाहीत.

मुलाचं गणित वेगळं आहे. न्यू जर्सीत किंडरगार्टनसाठी, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी, बहुतेक ठिकाणी 1 ऑक्टोबरपर्यंत पाच वर्षं पूर्ण लागतात. तो डिसेंबरचा, म्हणजे अजून एक वर्ष प्रीस्कूल. अनेक उपनगरांत हे वर्ष खासगी ठिकाणी, स्वतःच्या खर्चाने काढावं लागतं आणि पूर्ण दिवसाच्या प्रीस्कूलचा खर्च घरभाड्याच्या खालोखाल जातो. नातेवाइकांच्या हिशोबात हा आकडा धरलेलाच नसतो. ‘ॲबट विरुद्ध बर्क’ या खटल्यात न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने गरीब शहरांतल्या शाळांना पुरेसा पैसा आणि तीन-चार वर्षांच्या मुलांना मोफत प्रीस्कूल द्यायला राज्याला भाग पाडलं. या निकालाचा लाभ मिळालेल्या 31 डिस्ट्रिक्टमध्ये, म्हणजे स्थानिक शाळा-विभागांमध्ये, जर्सी सिटी आहे. पुढे राज्याने ही सोय इतर बऱ्याच डिस्ट्रिक्टमध्येही नेली. त्यामुळे प्रत्येक गावाला पहिला प्रश्न हाच विचारा: चार वर्षांच्या मुलाला पब्लिक प्रीस्कूल आहे का, पूर्ण दिवसाचं आहे का, आणि जागा सोडतीने मिळते का? पुढच्या वर्षीचं किंडरगार्टन अर्ध्या दिवसाचं तर नाही ना, हेही त्याच फोनवर विचारून घ्या.

आपले लोक असावेत का, या प्रश्नाला मी सरळ उत्तर देते. पहिल्या वर्षी असावेत. शेजारी मराठी किंवा निदान भारतीय कुटुंब असलं की अडीअडचणीला कोणीतरी असतं, मुलीला शाळेबाहेर मोकळं बोलता येतं. शनिवार-रविवारच्या मराठी शाळा, न्यू जर्सीतल्या ‘मराठी विश्व’ या मराठी मंडळाचे कार्यक्रम यांमुळे घरचं माणूस जवळ असल्यासारखं वाटतं. पण नऊ-दहा गुणांच्या, आपल्या लोकांनी भरलेल्या शाळांमध्ये एक ताणही असतो. वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो या नावाजलेल्या डिस्ट्रिक्टच्या प्रमुखांनी 2015 मध्ये पालकांना मोठं पत्र लिहिलं. अभ्यासाच्या दडपणामुळे मुलांचं मानसिक स्वास्थ्य ढासळतं आहे, असं त्यांनी आकडेवारीसह सांगितलं आणि पुढे हायस्कूलच्या सहामाही व वार्षिक परीक्षा बंद केल्या. पालकांमध्ये उभी फूट पडली. आशियाई पालकांपैकी बऱ्याच जणांना वाटलं की मुलांची चढाओढच बोथट केली जाते आहे. मी ती शाळा वाईट म्हणत नाही, ती फार चांगली आहे. पण बोलायला बिचकणारी मुलगी इंग्रजी शिकत असतानाच, आधीपासून दोन-दोन शिकवण्या लावलेल्या मुलांशी रोज तुलना सोसणार असेल, तर ते नऊ गुण तिला महाग पडतील.

आपले लोक कुठे राहतात, हा प्रश्न घर दाखवणाऱ्या एजंटला मात्र विचारू नका. 1968 च्या फेअर हाउसिंग कायद्यानुसार वंश, धर्म किंवा मूळ देश बघून ग्राहकाला एखाद्या वस्तीकडे वळवायला त्यांना मनाई आहे. ‘इथे भारतीय किती?’ किंवा ‘वस्ती चांगली आहे का?’ असं विचारलं की ते गप्प होतात आणि नव्या माणसाला वाटतं की काहीतरी लपवत आहेत. हे प्रश्न मराठी मंडळाच्या लोकांना विचारा. दुपारी तीनच्या सुमारास शाळेसमोर उभं राहून बघितलंत तरी बरंच कळेल.

आता तुमच्याबद्दल. पत्रात मुलीचा स्वभाव आहे, मुलाचं वय आहे, नवऱ्याचा प्रवास आहे, तुम्ही स्वतः कुठेच नाही. नवरा सकाळी सातला जाणार आणि रात्री आठला येणार. तुमच्याकडे पहिले काही महिने गाडीचा परवाना नसणार. फुटपाथही नसलेल्या उपनगरात तुम्ही चार वर्षांच्या मुलासोबत दिवसभर चार भिंतींत असाल. त्या घरातून मुलीला शाळेत काय घडलं ते शांतपणे ऐकून घ्यायला बळ कुठून येईल? शाळेइतकंच माझं लक्ष यावर आहे. तुम्हाला पायी जाता येईल असं वाचनालय, किराणा, बाग आणि रेल्वे स्टेशन असलेली जागा बघा. न्यू जर्सीतली सार्वजनिक वाचनालयं लहान मुलांचे गोष्टींचे तास घेतात, मोठ्यांसाठी इंग्रजी संभाषणाचे गट चालवतात आणि त्याला पैसे लागत नाहीत. नवऱ्याचे रोजचे दीड तास वाचले तर मुलांना संध्याकाळी वडील मिळतात. त्याची नोंद कुठल्याच रेटिंगमध्ये होत नाही.

म्हणून तुमच्या नातेवाइकांनी बहुधा खोडून टाकलेलं एक ठिकाण मी परत यादीत घालते: आयसेलिन, म्हणजे वुडब्रिज टाऊनशिपचा भाग. मेट्रोपार्क स्टेशन तिथेच आहे. तिथून नेवार्कला उतरून पाथ गाडीने जर्सी सिटी गाठता येते, घरातून ऑफिसपर्यंत साधारण तासाभरात. भारतीय दुकानांचा ओक ट्री रोड शेजारच्या एडिसन गावातून आयसेलिनमध्ये येतो, त्यामुळे किराण्यासाठी गाडीची वाट बघावी लागणार नाही. मिडल स्कूल सहावीला सुरू होते. शाळांचे गुण एडिसनच्या मानाने कमी दिसतील; ग्रोथचं पान उघडून मग मत बनवा. एडिसनमध्येही स्टेशनजवळची घरं बघा. जर्सी सिटीत मोफत प्रीस्कूल आणि नवऱ्याचा जवळजवळ शून्य प्रवास ही मोठी जमेची बाजू आहे. नदीकाठच्या भागातलं भाडं फार चढं आहे, जर्नल स्क्वेअरच्या बाजूला त्या मानाने कमी. तिथल्या शाळा एकमेकींपासून फार वेगळ्या आहेत, म्हणून पत्त्यानुसार एकेक तपासावी लागेल.

हायस्कूलची धास्ती आत्ताच घेऊ नका. वुडब्रिज आणि एडिसन ज्या मिडलसेक्स काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) येतात, तिच्या मॅग्नेट शाळा, म्हणजे खास विषयांच्या आणि अर्जाने प्रवेश देणाऱ्या शाळा आहेत. एडिसनमधली गणित-विज्ञान-अभियांत्रिकीची अकॅडमी आणि वुडब्रिजमधली आरोग्यविज्ञानाची अकॅडमी यांना काउंटीतल्या कुठल्याही गावचं मूल आठवीत अर्ज करू शकतं. प्रवेश चुरशीचा असतो, पण त्यासाठी महागड्या गावात राहावं लागत नाही.

पत्त्याबाबत सावध राहा, कारण नव्याने येणारी माणसं इथेच फसतात. पोस्टाचा पत्ता आणि शाळेचा डिस्ट्रिक्ट एकच असतील असं नाही. ‘प्रिन्स्टन’ असा पत्ता असलेली कितीतरी घरं वेस्ट विंडसर, साउथ ब्रन्सविक किंवा लॉरेन्समध्ये मोडतात आणि त्यांची मुलं प्रिन्स्टनच्या शाळेत जात नाहीत. एकाच गावात रस्त्याच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या शाळा असतात. एडिसनमध्ये जे. पी. स्टीव्हन्स आणि एडिसन हाय या दोन हायस्कूलच्या हद्दीवरून घरांच्या किमती बदलतात. लीजवर, म्हणजे भाडेकरारावर, सही करायच्या आधी पूर्ण पत्ता, अपार्टमेंट नंबरासह, डिस्ट्रिक्टच्या नोंदणी कार्यालयाला ईमेलने कळवा आणि शाळेचं नाव लेखी मागून घ्या. झिलोवरचं शाळेचं नाव पुरावा होत नाही. शाळेच्या बसचंही तेव्हाच विचारा: राज्याच्या नियमाने आठवीपर्यंतच्या मुलाचं घर शाळेपासून 2 मैलांहून लांब असेल तर बस मोफत मिळते. त्याहून जवळच्या घरांना काही गावं बस देतात, काही पैसे घेतात, काही देतच नाहीत.

कोणी सुचवेल की आमचा पत्ता वापरा आणि मुलीला आमच्या शाळेत घाला. त्याला ठाम नकार द्या. डिस्ट्रिक्ट चौकशी करतात, मुलाला वर्ष चालू असताना काढतात आणि तोपर्यंतच्या शिक्षणाची फी वसूल करू शकतात. सगळ्यांत वाईट म्हणजे मुलीला शाळेत आपलं घर लपवावं लागतं. तुम्हाला तसं करायची गरजही नाही. शाळा भाडेकरू आणि घरमालक यांच्यात फरक करू शकत नाही. 1982 च्या ‘प्लायलर विरुद्ध डो’ निकालानंतर व्हिसाच्या कारणावरूनही प्रवेश नाकारता येत नाही. लीज आणि विजेचं किंवा गॅसचं बिल एवढं बहुधा पुरतं.

पहिल्या वर्षी घर विकत घेऊ नका, कोणी कितीही समजावलं तरी. न्यू जर्सीत घरपट्टी देशात सर्वांत जास्त आहे, सरासरी वर्षाला सुमारे 10000 डॉलर, आणि तिचा मोठा वाटा शाळेलाच जातो. इतका पैसा गुंतवण्याआधी मुलीला तिथे कसं वाटतं ते कळू द्या.

पुण्यातच करून घ्यायची कामं आता सांगते. शाळा सोडल्याचा दाखला, मागच्या दोन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि जन्मदाखला इंग्रजीत घ्या. मराठीत असतील तर भाषांतर करून शिक्का मारून घ्या. लसींच्या नोंदीत प्रत्येक डोसची तारीख हवी, ‘पूर्ण’ एवढा शेरा चालत नाही. न्यू जर्सीत कांजिण्यांची लस लागते. ती आपल्या सरकारी लसीकरणात नाही, त्यामुळे राहिलेली असू शकते. सहावीत जाणाऱ्या अकरा वर्षांच्या मुलांना टीडॅप (धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला) आणि मेनिंगोकॉकल (एका प्रकारचा मेंदूज्वर) या लसीही लागतात, म्हणजे तुमच्या मुलीला लागतील. बालरोगतज्ज्ञांना ही यादी दाखवून राहिलेल्या लसी कधी द्यायच्या ते निघण्याआधी ठरवा. भारतातून आलेल्या मुलांची क्षयरोगाची तपासणीही होते. आपल्या मुलांना बीसीजी दिलेली असते, त्यामुळे त्वचेवरची चाचणी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. तिथे ‘बीसीजी झालेली आहे, रक्ताची चाचणी करा’ असं आधीच सांगा, म्हणजे विनाकारण एक्सरे आणि धावपळ टळते.

कंपनी पहिला महिना हॉटेलवजा अपार्टमेंट देणार असेल तर जुलैच्या सुरुवातीलाच पोचा. तिथल्या बहुतेक शाळा सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारच्या सुट्टीच्या मागेपुढे सुरू होतात. ऑगस्टच्या मध्यापर्यंत पक्कं लीज हातात हवं. तात्पुरत्या पत्त्याच्या शाळेत तिला महिनाभर बसवून मग दुसरीकडे हलवणं, हे मात्र होऊ देऊ नका.

या आठवड्यात वुडब्रिज, एडिसन आणि जर्सी सिटी या तिन्ही डिस्ट्रिक्टच्या नोंदणी कार्यालयांना ईमेल पाठवा. जूनअखेर शाळा बंद झाल्यावर समुपदेशक भेटत नाहीत. मुलीची जन्मतारीख, सेमी इंग्रजी म्हणजे काय याच्या दोन ओळी, आणि तीन प्रश्न लिहा: सहावीतल्या ईएसएलच्या गटात किती मुलं असतात, नव्या मुलीला पहिल्या दिवशी कोण भेटतं, आणि चार वर्षांच्या मुलाला प्रीस्कूलची जागा आहे का. कोण किती दिवसांत आणि किती आपुलकीने उत्तर देतं ते नीट बघा. ती उत्तरं मला पाठवा, घराच्या पत्त्यांवर आपण पुढच्या पत्रात बोलू.